पुढच्या स्प्रॉकेटमागचा ऑइल सील वॉरंटीत बदलून घेताना

"गाडी डोंगरात नेता, मग ऑइल गळणारच सर," असं मला ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकवलं गेलं त्याचं नाव इथे घेत नाही. पण ते वाक्य मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. मोटरसायकल डोंगरासाठीच बनवलेली, तशीच विकलेली, वॉरंटीत असलेली. ऑफ-रोड गाडी घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी भेटू शकतो, म्हणून नीट लिहितोय.

गाडी २०० सीसीची, सिंगल सिलिंडर, लांब शॉकअपवाली. सर्व्हिसला दिली तेव्हा चेन "मस्त टाईट करून दिलीये" असं सांगून परत आली. त्यानंतर वेल्ह्याहून केळद, मढे घाटाच्या बाजूला फिरणं झालं आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (इंजिनाकडून चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरखालून काळा ओघळ दिसायला लागला. तिथे चेन ल्यूब आणि चिखल कायम साचलेला असतो, त्यामुळे गळती पटकन कळत नाही. मला कळली ती ऑइलची पातळी बघताना. या इंजिनांत ऑइल मावतं साधारण लिटर-सव्वा लिटर, आणि तेच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांनाही पुरवायचं असतं. त्यातलं दोनशे मिली जरी गेलं तरी ते थोडं नसतं.

आता मूळ कारण. साध्या गाडीच्या चेनला २०-३० मिमी प्ले, म्हणजे वर-खाली ढिलाई, चालतो. लांब शॉकअपच्या गाडीला तो ३५-४५ मिमीच्या आसपास लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरही असतो. शॉकअप दबतं तेव्हा मागचं चाक वर येतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. स्टँडवर "मस्त टाईट" असलेल्या चेनला तिथे द्यायला काही शिल्लकच राहत नाही. मग प्रत्येक खड्ड्यात ती, पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ओढते. आधी शाफ्टभोवतीचा ऑइल सील, म्हणजे ऑइल आत धरून ठेवणारं रबरी कडं, जातो, दुर्लक्ष केलं तर बेअरिंग. सील माझ्या गाडीत स्प्रॉकेट काढून बाहेरूनच बदलता येतो. बेअरिंगसाठी मात्र इंजिन उतरवून दोन भागांत उघडावं लागतं. म्हणून घाई.

गाडी घेऊन गेलो आणि अडकलो तो जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार लिहून घेतात त्या कागदावर. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने माझं सगळं ऐकून घेतलं आणि तक्रारीत टाईप केलं: "चेन नॉइज, जनरल चेकअप." मी म्हटलं, हे नाही, "फ्रंट स्प्रॉकेटमागून इंजिन ऑइल लीक, चेनचा प्ले मॅन्युअलपेक्षा कमी" असं लिहा. तो म्हणाला सिस्टीममध्ये तसा ऑप्शन येत नाही. रिमार्कचा रकाना मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला. "रिमार्कमध्ये लिहून काय होणार सर, काम तर तेच करायचंय." काम तेच नसतं! वॉरंटीचा क्लेम जॉब कार्डावरच्या तक्रारीवरून जातो. कार्डावर लीक नसेल तर उद्या लीक नव्हतीच असं सांगायला ते मोकळे. मागे रांग वाढत होती, लोक बघत होते, तरी ते वाक्य टाईप होऊन प्रिंट हातात येईपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही. तुम्हीही हलू नका.

संध्याकाळी फोन आला, "ऑइल नाही, चेन ल्यूब आहे, पुसून दिलंय." दुसऱ्या दिवशी परत. मी गाडी न्यायला नकार दिला आणि साधी परीक्षा करायला लावली: कव्हर काढा, तो भाग रॉकेलने धुवा, कोरडा करा, टाल्कम पावडर मारा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवा. चेन हललीच नाही तर ल्यूब उडणार कुठून? थोड्या वेळाने शाफ्टच्या खालच्या बाजूला पांढऱ्या पावडरवर तपकिरी रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकली. अ‍ॅडव्हायझर गप्प. याचा व्हिडिओ काढून ठेवा, माझ्या फार उपयोगी पडला.

मग आलं डोंगराचं वाक्य. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी मॅन्युअल उघडलं आणि चेनच्या प्लेचं पान समोर ठेवलं. त्यांचं म्हणणं, प्ले बरोबरच आहे. वर्कशॉपमधला एक वयस्क मेकॅनिक मदतीला आला, हे त्याचं श्रेय. दोन पोरांना मागच्या सीटवर बसवलं, वर पट्टा आवळून शॉकअप आणखी दाबलं आणि तो म्हणाला, "साहेब, आता चेनला हात लावा." मॅनेजरने बोटाने चेन वर ढकलून पाहिली. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. तसूभर हलली नाही. आधीच्या सर्व्हिसच्या बिलात "चेन अ‍ॅडजस्टमेंट" अशी ओळ होती. ते बिल मी पुढे केलं.

क्लेम गेला. मंजुरीची वाट बघण्यात मात्र बराच काळ गेला आणि तेवढा काळ गाडी तिथेच. रोज फोन केला की "वरून आलं नाही." शेवटी जॉब कार्ड, बिल, व्हिडिओ असं सगळं जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला, मग हालचाल झाली. पुढची पायरी म्हणून १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन डोक्यात होती, तिथवर जावं लागलं नाही. पुस्तिकेतली वगळलेल्या भागांची यादीही आधी वाचून जा. चेन, स्प्रॉकेट, क्लच प्लेट सहसा झिजणाऱ्या वस्तू म्हणून त्यात असतात. माझ्या पुस्तिकेत त्या यादीत ऑइल सील नव्हता.

अरे हो, ऑइलचं बिल आणि डब्याचा फोटोही ठेवा. "बाहेरचं ऑइल टाकलंय" हा आक्षेप आला होता. डब्यावर मॅन्युअलमधलीच ग्रेड आणि जासो एमए२ (ऑइलात भिजलेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं मानक) छापलेलं होतं, विषय संपला. कारचं ऑइल कधीही टाकू नका. त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात आणि आपला क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो, तो सटकायला लागतो. जासो एमबी स्कूटरसाठी.

वॉशिंग सेंटरवाल्याला स्प्रॉकेटच्या कव्हरवर आणि चाकाच्या बेअरिंगवर प्रेशर मारू देऊ नका. कोकणातली लाल माती आणि गवत त्या कव्हरच्या आत शाफ्टभोवती गुंडाळून बसतं, तेही सील खातं. कव्हर काढून हातानेच साफ करायचं. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको. रॉकेल आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल उत्तम. ओढ्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. गाडी चालवत घरी नेऊ नका, ऑइल-फिल्टर बदला, काही मिनिटं इंजिन चालवून पुन्हा बदला. ऑइल काढताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ठीक, चमकणारे कपचे असतील तर थांबा.

सील बदलला, बेअरिंगमध्ये प्ले आढळला नाही, चेन शॉकअप दाबून माझ्यासमोर बसवली. जुना भाग कंपनीकडे परत जातो, आपल्याला मिळत नाही, म्हणून काउंटरवरच त्याचा फोटो काढला. सीलचा ओठ मागच्या बाजूने, म्हणजे चेन ज्या बाजूला ओढते तिथे, उरलेल्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजला होता. तो फोटो मी मॅनेजरलाही पाठवला.