पेटीतली बातमी

एप्रिल सरता सरता रत्नागिरीहून काकांची पेटी येते. घरचे सगळे आंब्यांवर पडतात, मी तळाच्या रद्दीवर. पेंढ्याखाली अंथरलेलं तिकडचं वर्तमानपत्र, त्यावर चिकाचा डाग आणि डागाखाली कुणाची तरी जाहीर नोटीस: ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’ तमाम लोक म्हणजे खरं तर पाच-सहा चुलत भाऊच, पण थाट कसा दरबारी!

यंदाची नोटीस आमच्याच गावच्या जमिनीची निघाली. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, पूर्वेस पाणंद, दक्षिणेस वहाळ, पश्चिमेस... आणि तिथे कागद फाटलेला.

छापील कागदाचं वेड आमच्या मुलखाला जुनंच. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. गाव आज सिंधुदुर्गात मोडतं, पण १९८१पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे रत्नागिरीकर त्यांच्यावरचा हक्क सोडत नाहीत. तरी ‘दर्पण’ निघालं मुंबईत. टिळक जन्मले रत्नागिरीत आणि ‘केसरी’ निघाला पुण्यात. कोकणातल्या माणसाने नाव काढावं ते बोटीत बसून नाहीतर घाट चढून, अशी रीतच होती. हरि नारायण लिमये मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी १८७१ साली रत्नागिरीतच ‘सत्यशोधक’ साप्ताहिक काढलं. म्हणजे ‘केसरी’हून ते दहा वर्षांनी मोठं. जोतीरावांचा सत्यशोधक समाजही त्याच्यामागून, १८७३चा; नावावरून गल्लत करू नये, दोघांचा संबंध नाही.

या थोरवीचं आमच्या आजोबांना काही नव्हतं. ते साप्ताहिक उघडत ते थेट मागच्या पानावर. दिल्लीत कोण पडलं, कोण उभं राहिलं हे रेडिओने सांगून झालेलं असे. आपल्या गडग्यापलीकडचं कलम कुणी कुणाला विकलं, हे मात्र रेडिओ सांगत नसे. नोटिशी वाचून झाल्या की चष्मा कपाळावर चढवून ते आजीला म्हणत, “विकलंन शेवटी!” कुणी, काय, हे तिला विचारावं लागत नसे.

आमच्या आळीत एक छापखाना होता. शाळेतून येताना मी खिडकीला लटकून बघायचो. कंपोझिटर उलटे खिळे सुलटे असल्यासारखे वाचत जुळवायचा. साप्ताहिक आणि लग्नपत्रिका एकाच ट्रेडलवर निघत, त्यामुळे वैशाखात बातम्यांनी थांबायचं आणि पत्रिकांनी पुढे जायचं असा अलिखित नियम. ‘श्री’चा खिळा सगळ्यात झिजलेला, कारण पत्रिका असो की नोटीस, कुणालाही ‘श्री’शिवाय छापून घ्यायचं नसे. पावसाळ्यात कागदाला दमट वास यायचा, शाई लवकर वाळायची नाही. आजोबांच्या अंगठ्यावर बातमी उमटायची आणि तिथून ती धोतरावर जायची.

माझं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलो होतो. कुठल्या पत्रात ते सांगत नाही, कारण त्यांनी मला शेजारच्या वाडीतल्या एका घराण्याचं आडनाव बहाल केलं होतं. मी रडलो. आजीने शांतपणे ते कात्रण कापलं, पेनाने आडनाव सुधारलं आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या घराण्यातून पेढे आले. कुणाचा मुलगा हे त्यांनाही नीटसं कळलेलं नव्हतं, पण नाव आलंय म्हटल्यावर तोंड गोड करायला नको?

हल्ली पुष्कळजण पुठ्ठ्याच्या खोक्यात आंबा पाठवतात, प्रत्येक फळाला फोमची जाळी. फळ छान राहतं, पण वाचायला काही नसतं. काका अजून लाकडी पेटी सोडायला तयार नाहीत. रात्री त्यांचा फोन आला.

“पेटी पोचली काय रे? डागी किती?”

“दोनच. पण काका, वहाळाजवळच्या जमिनीची नोटीस अर्धीच आलीय. पश्चिमेस कोण?”

पलीकडे जरा शांतता. मग काकू मागून काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं.

“अरे, तो अर्धा कागद डोंबिवलीच्या पेटीत घातलाय,” काका म्हणाले. “आत्याला फोन कर. आणि लवकर कर, ती रद्दी ठेवत नाही.”