यूबीआय व्हॉल्यूम स्टॅटिक ठेवायचा की डायनॅमिक?

नँड फ्लॅशवर (उपकरणातली स्टोरेज चिप) यूबीआय, म्हणजे ती चिप सांभाळून तिचे व्हॉल्यूम (भाग) पाडणारा लिनक्सचा लेयर, वापरणाऱ्यांना स्टॅटिक व्हॉल्यूम म्हणजे काय असं विचारलं की बहुतेक जण ‘रीड-ओन्ली’ सांगून मोकळे होतात. मग पार्टिशनिंग पण त्याच हिशोबाने, रूटएफएस (सिस्टमच्या मुख्य फाइल्स) बदलणार नाही ना, कर स्टॅटिक, लॉग लिहायचेत, कर डायनॅमिक. पण एवढ्यावर भागत नाही.

मी आधी हे बघते की या व्हॉल्यूममधला डेटा खराब झाला तर ते कुणाच्या लक्षात येणार. डायनॅमिकमध्ये यूबीआय आतल्या डेटाची हमी घेतच नाही, ते काम वरच्या लेयरचं. यूबीआयएफएस (यूबीआयवर चालणारी फाइल सिस्टम) असेल तर चिंता नाही, ते प्रत्येक नोडला (लिहिलेल्या तुकड्याला) स्वतःचा सीआरसी (डेटा बिघडला का ते सांगणारा तपासणी-आकडा) लावतं आणि त्याला लिहायला डायनॅमिकच लागतो (स्टॅटिकवर माउंट केलं तर ते रीड-ओन्ली होतं, एवढंच). पण कर्नल इमेज, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन), एफपीजीएचा बिटस्ट्रीम (प्रोग्रॅमेबल चिपचं कॉन्फिगरेशन) असल्या नुसत्या ब्लॉबला (कच्च्या बायनरी डेटाला) वर कुणी वालीच नसतो, तिथे स्टॅटिक घ्या. यूबीआय प्रत्येक ब्लॉकमधल्या डेटाचा सीआरसी-32 त्याच ब्लॉकच्या हेडरमध्ये ठेवतं आणि गडबड असेल तर व्हॉल्यूम ‘करप्टेड’ दाखवतं.

एक गैरसमज मला वारंवार ऐकू येतो, की स्टॅटिक म्हणजे डेटा फ्लॅशवर एकाच जागी खिळलेला, तिथे वेअर लेव्हलिंग (झीज सगळ्या ब्लॉकवर सारखी वाटणं) नाही. अजिबात नाही! वेअर लेव्हलिंग अख्ख्या यूबीआय डिव्हाइसवर चालतं, कर्नलच्या व्हॉल्यूमला कुणी कधी हात लावला नाही तरी त्याचे कमी झिजलेले ब्लॉक यूबीआय उचलून दुसरीकडे नेतं आणि ते ब्लॉक लॉगवाल्या व्हॉल्यूमच्या कामी येतात, शिवाय वाचताना बिट-फ्लिप (उलटलेला बिट) दिसला तर स्क्रबिंग पण होतं, म्हणजे तो डेटा दुसऱ्या ब्लॉकवर हलवला जातो. म्हणूनच कर्नलसाठी वेगळं एमटीडी (यूबीआयच्या खालचा, लिनक्सचा कच्चा फ्लॅश लेयर) पार्टिशन कापण्यापेक्षा सगळं एकाच यूबीआयमध्ये टाकावं असं माझं ठाम मत आहे.

आता एक उदाहरण घ्या. कर्नल 5 एमबीचा, व्हॉल्यूम पुढची वाढ धरून 8 एमबीचा. यू-बूटमध्ये (कर्नल लोड करणारा बूटलोडर) साईज न देता तो वाचला तर डायनॅमिकमधून सगळे 8 एमबी येतात आणि स्टॅटिकमधून फक्त 5, कारण खरा डेटा किती हे स्टॅटिकला माहीत असतं. बूट टाइमसाठी झगडणाऱ्यांना याची किंमत कळेल. पण यू-बूटमध्ये व्हॉल्यूम बनवताना टाईप दिला नाही तर तो डायनॅमिकच बनतो, लिनक्समधल्या कमांडचं पण तसंच, त्यामुळे टाईप दरवेळी स्वतः लिहा.

स्टॅटिकची एक किंमत मात्र मोजावी लागते. लिनक्समध्ये तो पहिल्यांदा उघडला की यूबीआय पूर्ण व्हॉल्यूम वाचून सीआरसी तपासतं. छोट्या ब्लॉबला हे जाणवत पण नाही, पण 40 एमबीचं स्क्वॅशएफएस (दाबलेली रीड-ओन्ली फाइल सिस्टम) स्टॅटिकमध्ये टाकून यूबीआय-ब्लॉकवरून (व्हॉल्यूमला ब्लॉक डिव्हाइस म्हणून दाखवणारा ड्रायव्हर) माउंट करताय आणि फ्लॅशचा स्पीड सेकंदाला 10 एमबी धरला, तर बूटमध्ये सरळ 4 सेकंद वाढले, दरवेळी. वर डीएम-व्हेरिटी (वाचताना डेटा हॅशने तपासणारा कर्नलचा लेयर) असेल तर तेच काम दोनदा होतंय. अशा ठिकाणी नवीन कर्नल आणि एमटीडी-यूटिल्समध्ये (यूबीआयची टूल्स) व्हॉल्यूमला ही तपासणी टाळणारा स्किप-चेक फ्लॅग लावता येतो, नाहीतर सरळ डायनॅमिक करा. व्हेरिटी नसेल तर मी ते 4 सेकंद सोसायला सांगेन, फील्डमध्ये गेलेल्या बॉक्सवर अर्धवट सडलेला रूटएफएस शोधत बसण्यापेक्षा ते परवडतं.

आणि अपडेट. स्टॅटिकमध्ये मधलाच एखादा ब्लॉक बदलता येत नाही, लिहायला गेलात की ईआरओएफएस (‘रीड-ओन्ली’ आहे असं सांगणारा) एरर, पूर्ण व्हॉल्यूम नव्याने भरावा लागतो. त्यामुळे अधूनमधून बदलणारा कॅलिब्रेशन डेटा तिथे ठेवू नका. अपडेट सुरू होताना यूबीआय आधी अपडेट मार्कर लावतं, मधेच लाइट गेली तर तो मार्कर तसाच राहतो आणि पुन्हा पूर्ण अपडेट होईपर्यंत व्हॉल्यूम वापरता येत नाही, हे दोन्ही टाईपना लागू आहे. म्हणून कर्नलचे दोन व्हॉल्यूम ठेवा, रिकाम्यात नवीन इमेज भरा, उघडून सीआरसी पास होतोय का बघा, आणि मग यूबीआय-रिनेमने दोघांची नावं एकाच कमांडमध्ये अदलाबदल करा. ही अदलाबदल ॲटॉमिक असते (पूर्ण होते किंवा होतच नाही), त्यामुळे त्याच क्षणी पॉवर गेली तरी यू-बूटला त्या नावाचा एक धड कर्नल मिळतोच.