सर्व्हर उठत नाही तेव्हा : आमची वाटचाल

आमच्या संस्थेची सुरुवात छोट्या व्यवसायांना हिशेबाचे आणि मालाच्या नोंदींचे सॉफ्टवेअर तयार करून देण्यापासून झाली. पुढे ग्राहकांचे जे फोन येत, त्यांत सर्वांत धास्तावलेले फोन एकाच तक्रारीचे असत : वीज गेली, परत आली आणि आता डेटाबेस सर्व्हर उठत नाही, रिकव्हरीपर्यंत, म्हणजे अर्धवट राहिलेला डेटा सावरण्याच्या टप्प्यापर्यंत, जातो आणि तिथेच कोसळतो. हळूहळू ज्यांचे सॉफ्टवेअर आम्ही केलेलेच नव्हते, असे लोकही हीच अडचण घेऊन येऊ लागले आणि आम्ही सॉफ्टवेअरची नवी कामे घेणे थांबवून याच कामाला वाहून घेतले.

डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो आणि मूळ डेटा फाइलींत तो सवडीने उतरवतो. त्यामुळे सर्व्हर अचानक बंद पडला, की पुढच्या वेळी सुरू होताना तो शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (जिथपर्यंतचे बदल डेटा फाइलींत उतरल्याची खात्री असते त्या खुणेपासूनचा) लॉग वाचून राहिलेले बदल पुन्हा लावतो. सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली मांडलेल्या ‘एरीज’ पद्धतीत या कामाचे विश्लेषण, बदल पुन्हा लावणे आणि अपुरे व्यवहार मागे घेणे असे तीन टप्पे आहेत. दर खेपेला लॉग तोच आणि डेटाही तोच असल्यामुळे, ज्या पेजवर (डेटा फाइलीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) सर्व्हर एकदा कोसळला त्याच पेजवर तो पुन्हा कोसळण्याची शक्यता मोठी असते. नुसते रिस्टार्ट करत राहण्याला आमचा विरोध आहे तो यासाठी.

म्हणून कोणतेही काम हाती घेताना आम्ही आधी सर्व्हरचे आपोआप रिस्टार्ट होणे बंद करतो आणि लॉगसह संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो. ग्राहकाला हा वेळ जड जातो, हे आम्ही जाणतो. परंतु दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न त्याच फाइलींमध्ये काहीतरी लिहीत असतो, आणि प्रत नसेल तर मागे येण्याची वाटच राहत नाही. त्याच वेळी, डिस्क भरली म्हणून कोणी ‘पीजी_वॉल’मधल्या (पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लॉगच्या फोल्डरमधल्या) फाइली उडवल्या आहेत का, हेही आम्ही आवर्जून विचारतो, कारण पोस्टग्रेसची रिकव्हरी त्याच फाइलींवर उभी असते.

त्यानंतर एरर लॉग (सर्व्हरने स्वतःच्या कामाच्या आणि बिघाडांच्या लिहिलेल्या नोंदी) शांतपणे वाचायचा. एका ग्राहकाकडील पोस्टग्रेस सर्व्हर रिकव्हरीत सतत ‘क्रॅश’ होत असल्याचे सांगण्यात आले होते. लॉगमध्ये मात्र बिघाडाची एकही ओळ नव्हती. रिकव्हरी सुरू झाल्याची नोंद होती आणि दर वेळी बरोबर दीड मिनिटाने बंद होण्याचा आदेश आल्याची नोंद होती. लिनक्सवर सेवा सुरू आणि बंद करणारी सिस्टमडी ही यंत्रणा 90 सेकंदांत सेवा तयार झाली नाही तर ती बंद पाडते, हे तिचे मूळ सेटिंग आहे. सर्व्हर स्वतः कोसळत नव्हता, त्याला मध्येच थांबवले जात होते आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून सुरुवात करत होता. वेळमर्यादा काढून टाकल्यावर रिकव्हरी पूर्ण झाली आणि डेटा जसाच्या तसा मिळाला. याच टप्प्यावर मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, डेटाबेसची प्रक्रिया मारल्याची उदाहरणेही आम्ही पाहिली आहेत. त्याची नोंद डेटाबेसच्या नव्हे तर कर्नलच्या लॉगमध्ये सविस्तर सापडते.

खरोखरच पेज खराब झालेले असेल, तर काम नाजूक होते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, बिघाड असूनही सर्व्हर जबरदस्तीने उठवणाऱ्या ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ या सेटिंगचे 1 ते 6 असे स्तर आहेत. आम्ही 1 पासून चढत जातो आणि ज्या स्तरावर सर्व्हर उठेल तिथेच थांबून टेबलांचा डंप (त्यांतील डेटाची फाइलीत काढलेली प्रत) घेतो. 3 वर अपुरे व्यवहार मागे घेतले जात नाहीत. 4 आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. 6 वर तर रीडू लॉगच, म्हणजे बदल पुन्हा लावण्यासाठीचा लॉगच, लावला जात नाही. असा उठवलेला सर्व्हर पुन्हा रोजच्या कामाला जोडावा, ही विनंती आम्ही नेहमी नाकारतो. डंप कोऱ्या सर्व्हरवर चढवतो आणि तो नवा सर्व्हरच ग्राहकाच्या हाती देतो. पोस्टग्रेसमधील, लॉग पुसून नव्याने सुरू करणाऱ्या ‘पीजी_रीसेटवॉल’ या साधनाबाबतही आमची हीच भूमिका आहे : तो शेवटचा उपाय, तोही प्रतीवर आणि ग्राहकाची लेखी संमती घेऊनच, कारण त्यानंतर सर्व्हर उठला तरी आतील डेटा सुसंगत असेलच असे नाही.

या कामामुळे आमच्या करारांचे स्वरूपही बदलले. आता देखभालीच्या प्रत्येक करारात बॅकअप ठरावीक काळाने दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून पाहण्याचे कलम असते, आणि ते मान्य नसलेल्या ग्राहकाचे काम आम्ही स्वीकारत नाही. त्यामुळे काही करार हातचे गेले. जे ग्राहक राहिले, त्यांचा सर्व्हर रिकव्हरीत अडकला तर एकीकडे बॅकअप रिस्टोअर करायला लावून दुसरीकडे मूळ डेटाच्या प्रतीवर काम करता येते, आणि ‘फोर्स रिकव्हरी’चा 1 हा स्तरही बहुतेकदा वापरावा लागत नाही.