एका दिवसाचं बेळगाव : तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्याला जाता-जाता बेळगावात एक दिवस काढणारी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. एका दिवसात काय बघायचं, काय खायचं? आणि त्याला जोडूनच, तू येतेस ना फिरवायला? पहिल्याचं उत्तर मी यादी करून पाठवते. दुसऱ्याला हल्ली काहीतरी काम काढते. का, ते एकदाच लिहून टाकते. दर वेळी नवी सबब शोधायचा मलाही कंटाळा आलाय.

आधी यादी. सकाळी किल्ला, आणि किल्ल्यात पहिली कमलबस्ती. रट्टांच्या राजवटीत १२०४ साली बांधलेलं जैन मंदिर. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचे नेमिनाथ आहेत, खरं त्याआधी मंडपात थांबून मान वर करा. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय, पाकळ्यांच्या आत पाकळ्या. घाईची माणसं मला इथंच कळतात. ती मोबाइल उंच धरून फोटो काढतात आणि विचारतात, ‘झालं?’ नाही झालं. किल्ल्यातच असदखानाची सफा मशीद आहे, सोळाव्या शतकातली. मग टिळकवाडीत वीरसौध, काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनात, १९२४ च्या, आणि ते इथं भरलं. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीरही अजून आहे.

खाण्यात मांडे सोडू नका. कणीक हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि उलट्या तापल्या भांड्यावर टाकायची, आत पिठीसाखर नि तूप, मग घडी. बोट लावलं की कुरकुरून तुटतो. पुण्याकडचे मनातच खातात, इथं लग्नघरी ताटात पडतो. आणि कुंदा. दूध, साखर, दही आटवत-आटवत तपकिरी, रवाळ होईपर्यंत ढवळत बसायचं काम. घरी करू नका, विकत घ्या.

तर असाच कुंदा घ्यायला खडेबाजारात गेलो होतो. पुण्याहून चुलतबहीण आणि भावोजी आले होते. डिसेंबर होता, सुवर्णविधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू, चौकाचौकात पोलीस. भावोजी सकाळपासून दुकानांच्या पाट्या वाचत होते, म्हणजे कुठली पाटी कुठल्या अक्षरात आहे ते मोजत होते. मी लक्ष दिलं नाही. नवा माणूस पहिल्या दिवशी ते करतोच.

काउंटरवर एक पोरगा होता, बैलहोंगलकडचा, नुकताच कामाला लागलेला. मी त्याला म्हटलं, “अर्धा-अर्धा केजी, ब्यारे ब्यारे प्याक माडि कोडरी.” त्याने परातीतून उलथन्याने कुंदा उचलला, काट्यावर ठेवला, जरा काढला, पुन्हा घातला. कागदाला तूप सुटून तो आरपार दिसायला लागला होता. आणि मागून भावोजींचा आवाज, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा : “इथंही कानडीच? अगं, तुम्हीच असं केल्यावर आम्ही तिकडे कशाला बोंबलायचं?”

पोरगा काटा बघत राहिला. गल्ल्यावर मालक होते. कानडी माणूस, आमच्या अप्पांशी वर्षानुवर्षं मराठीत बोलणारे. त्यांनी चमचाभर कुंदा कागदाच्या तुकड्यावर घेतला आणि हात पुढे केला. “साहेब, चव तर बघा की.” भावोजींचे दोन्ही हात खिशात. मालकांचा हात तसाच. मागची गिऱ्हाइकं गप्प. शेवटी तो कागद मी घेतला आणि उभ्या-उभ्या खाल्ला. घास गिळेना. मालक म्हणाले, “अप्पांना नमस्कार सांगा.”

गाडीत भावोजींनी विचारलं, काका, म्हणजे आमचे अप्पा, दर एक नोव्हेंबरला काळे कपडे घालून निषेधाच्या फेरीत जातात ना? जातात. अजून जातात, गुडघे दुखत असले तरी. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाऊन मालकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारतात. यात काय विसंगत आहे ते मला कोणी समजावून सांगा. १९५६ ला आम्हाला इकडे, आत्ताच्या कर्नाटकात, टाकलं, २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. निकाल लागेतोवर आम्ही मिठाई घ्यायची नाही का?

हे मी भावोजींना बोलले. तावातावाने बोलले. खरं सगळंच बोलले असं नाही. पाहुण्यांसमोर कानडी झाडायची मला थोडी हौसही आहे. बघा, आम्ही दोन्हीकडचे, असं दाखवायची. ती भावोजींना दिसली असेल तर त्यांची नजर तेवढी वाईट नाही.

आणि कॉलेजातली मी? ती बसमध्ये कंडक्टरशी मराठीतच बोलायची, तो कानडीत उत्तर द्यायचा, आणि तिकीट फाटेपर्यंत दोघंही हटायचे नाहीत. ती मुलगी त्या दिवशी दुकानात असती तर भावोजींच्या शेजारी उभी राहिली असती. तिला मी सांगते, अगं, पोरगा नवीन आहे, त्याला मराठी येत नाही. ती म्हणते, सगळे तुझ्यासारखे बोलले तर येणार कधी? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मालकांचा तो हात आठवला की तिचंही ऐकवत नाही.

तेव्हापासून मी फिरवायला जात नाही. कमळाखाली उभं राहून कोणी काही बोललं तर चालतं, दगडाला ऐकू येत नाही. बाजारात मला रोज जायचं असतं.

कुंदा पुण्याला गेला आणि दोन दिवसांत संपला, असं बहीण सांगत होती. येत्या सुट्टीत पुन्हा यायचं चाललंय त्यांचं. यादी पाठवली आहे. त्या दुकानाचं नाव त्यात घातलेलं नाही.