दगडाला काय धाड भरलीय?

मुंजीत, बारशाला, एसटीत शेजारच्या सीटवरून, बँकेत फॉर्मवरच्या 'व्यवसाय' या रकान्यावर बोट ठेवून. प्रश्न ठरलेला. "जुन्या देवळांचा दगड कसा झिजतो याचा अभ्यास? दगडाला काय धाड भरलीय? आठशे वर्षं उभा आहे की!" मी सांगायला लागले की दोन मिनिटांत पुढचा येतो, जास्त टोचणारा: "मग तुम्ही त्याला लावता काय?"

पहिल्याचं उत्तर मला पाठ झालंय. दुसरं मी आजवर हसून टाळलं. गेल्या महिन्यात एका केळवणात चुलतसासऱ्यांनी सगळ्या पंगतीसमोर विचारलं, "म्हणजे तू नुसती बघतेस?" आणि जिलबी घशाखाली उतरेना. म्हणून आज दोन्ही सांगते.

धाड भरलीय ती अशी. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पण सगळा काळा दगड एका जातीचा नाही. विहीर खणलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माझ्यापेक्षा आधी कळतं. एक घट्ट फत्तर, ज्यावर पहार उलटी उडते. दुसरा मांजऱ्या. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे खडे आणि हिरवट माती भरली. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. दरवर्षी. देऊळ बांधणाऱ्यांनी जवळ मिळाला तो दगड लावला, त्यामुळे एकाच भिंतीत शेजारी शेजारी एका मूर्तीच्या पैंजणाचे मणी मोजता येतात आणि दुसरीला पाय होते की नाही इथून सुरुवात करावी लागते.

दुसरी धाड मिठाची. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागलेला तुम्ही पाहिला असेल. दगडालाही लागतो, फक्त बऱ्याचदा आतून. जमिनीतून, वटवाघळांच्या लेंडीतून, सिमेंटमधून आलेले क्षार पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत शिरतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि छिद्राच्या भिंती ढकलतात. साधं मीठ घ्या. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की त्याचं पाणी होतं, खाली आला की पुन्हा खडे. घारापुरीला आणि समुद्रातल्या किल्ल्यांवर हे चक्र कुणी न बोलावता चालू असतं. म्हणून मी सांगत असते, आणि लोकांना तो विनोद वाटतो, की दगड पावसात पडत नाही, दिवाळीनंतर पडतो. भिजण्याने नव्हे, वाळण्याने.

त्यात भर आपल्या श्रद्धेची आणि सिमेंटच्या पोत्यांची. पूर्वी जिथे दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरत, तिथे चुन्याने भरत. चुना श्वास घेतो, पाणी त्यातून बाहेर पडतं, क्षार त्यालाच खातात. तो आधी मरायचा आणि दगड वाचायचा. पन्नास वर्षांनी पुन्हा चुना मळायचा. सिमेंटची दरज दगडापेक्षा टणक. पाण्याला तिच्यातून वाट मिळत नाही, मग ते दगडातून वाट काढतं. दहा-पंधरा वर्षांत सिमेंटची जाळी उंच उभी आणि मधले दगड खोबणीसारखे आत गेलेले, असं दिसायला लागतं. लोक म्हणतात, बघा, सिमेंट किती टिकलं.

इथपर्यंत मी शहाणी असते. आता दुसरा प्रश्न.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं एक छोटं हेमाडपंती शिवालय. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाने मला फार चहा पाजलाय. २००८ सालचा मार्च. मी भूशास्त्राची एमएस्सी करून एका संस्थेच्या प्रकल्पावर लागले होते आणि मला सगळं येत होतं. गाभाऱ्याच्या दाराशी दोन्ही अंगांना चामरधारिणी. डावीच्या गालावरून बोट फिरवलं की बोटाला करडी भुकटी लागायची. उजवीचीही तीच गत, जरा कमी. मी अहवालात लिहिलं की पृष्ठभागाला जलरोधक लेपाची गरज आहे. वरिष्ठांनी मान्य केलं, सिलेनच्या जातीचं रसायन आलं आणि मी स्वतः, मऊ ब्रशने, डावीला दोन हात दिले.

आधी आणि नंतर चाचणीही केली. काचेची उभी नळी पुट्टीने दगडाला चिकटवायची, तिच्यात पाणी भरायचं आणि किती मिनिटांत किती उतरतं ते पाहायचं. लेपाआधी दहा मिनिटांत नळी रिकामी. लेपानंतर पाणी जिथल्या तिथे. अंगावर शिंपडलेलं पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. गुरवमामांनी पोरं गोळा करून तो चमत्कार दोनदा करायला लावला. तालुक्याच्या पेपरात 'मूर्तीला संजीवनी' म्हणून चौकट आली. ती मी कापून ठेवली होती.

उजवीला लेप दिला नाही. कारण शास्त्रीय नव्हतं, बाटली संपली होती. अहवालात मी 'दुसऱ्या टप्प्यात' असं लिहिलं. दुसऱ्या टप्प्याचे पैसे कधी आलेच नाहीत.

२०११च्या नोव्हेंबरात मामांचा फोन आला. "ताई, बाईचा चेहरा उतरला बगा." मला वाटलं, मामींना बरं नाही. "काय झालं मामींना? डॉक्टरला दाखवलं का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मामीचा न्हाई ताई. आपल्या देवळातल्या बाईचा. उतरून खाली पडला."

दुसऱ्या दिवशी पोचले. मामांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून तो ठेवला होता. तळहाताएवढी खपली, जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. पुढून सगळं जागच्या जागी: भुवया, नाक, ओठांची कड, कानातल्या कुंडलाचा अर्धा गोल. भुकटी अजिबात नाही, माझ्या लेपाने पृष्ठभाग खरंच छान धरून ठेवला होता. खपली उलटी केली. मागून पांढरी लव, शिळ्या भाकरीवर येते तशी. जिभेला लावून पाहिली. खारट, कडू.

पाणी समोरून येतच नव्हतं. ते खालून येत होतं. गाभाऱ्यापुढे गावाने सिमेंटचा कोबा केला होता, वर फरशी, फरशीवर देणगीदाराचं नाव. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ त्याच कामात बुजली होती. ते पाणी कोब्याखाली मुरायचं, सिमेंटचे क्षार घेऊन दाराच्या दगडात चढायचं आणि मूर्तीच्या अंगावाटे वाळायचं. मी बाहेरचं दार लावून घेतलं. मग ते लेपाच्या आत, कातडीखाली वाळायला लागलं. स्फटिक तिथेच वाढले. तीन हिवाळे पुरले.

फरशी मला २००८ मध्येही दिसली होती. तिच्यावर बसून मी डबा खाल्ला होता.

मान वर करून उजवीकडे पाहिलं. पुसट, भुरभुरती, पण चेहरा होता.

त्या वेळच्या माझी बाजू मी अजून घेते, खोटं कशाला बोलू. त्या काळी शिकवलं तेच मी केलं. नळीचा आकडा खरा होता. आणि चुकणाऱ्यांच्या पंगतीत माझं पान काही पहिलं नव्हे. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला आणि तो पिवळा पडत गेला. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूसचं चर्च बघा. १६०५ साली पुरं झालेलं, जांभ्याचं, वर चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र, गोव्याच्या पावसात उघडा ठेवायचा दगडच नव्हे, म्हणून तर तो गिलावा. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तो खरवडला. इमारत अधिक जुनी, अधिक भारदस्त दिसावी म्हणून. तेव्हापासून जांभा भिजतोय, झिजतोय. आता पुन्हा गिलावा करू म्हटलं तर लोक दुखावतात, कारण सत्तर वर्षांत तो उघडा तांबूस रंगच त्यांच्या मनात 'मूळ' होऊन बसला. चुकीलाही वारसा व्हायला फार वेळ लागत नाही.

हे सगळं मी परिसंवादांत सांगते. टाळ्याही मिळतात. पण त्या पंगतीतल्या कुणाच्याही हातात मामांनी बिस्किटांचा डबा दिला नव्हता.

म्हणून मी काय लावते? शक्यतो काही नाही. त्या देवळात नंतर आम्ही भिंतीलगतचा दोन फूट कोबा फोडला (देणगीदाराच्या मुलाने मला काय काय म्हटलं ते राहू दे), पन्हळ मोकळी केली, आणि दगडाला कागदाच्या ओल्या लगद्याचे लेप लावून क्षार ओढून काढले. लगदा वाळला की काढायचा, पाण्यात कालवायचा, किती मीठ आलं ते मोजायचं, पुन्हा लावायचा. दोन हिवाळे. या कामाचे फोटो कुणी मागत नाही. बाकी मी मोजते: दमटपणा, दगडावर बोटाचं पेर आपटल्यावर कुठे पोकळ वाजतं, त्याच कोनातून त्याच महिन्यात काढलेला फोटो. होय, काका, मी नुसती बघते.

आणि तेही बरोबर आहे का, माहीत नाही. २०२३च्या डिसेंबरात गेले तेव्हा उजवीचं नाक गेलेलं होतं. खपली नाही, आवाज नाही, डब्यात ठेवण्याजोगं काही नाही. खाली चिमूटभर भुकटी, तीही कुणीतरी झाडून काढलेली. त्या वेळची मी आता मला विचारते: डावीचा चेहरा निदान डब्यात तरी आहे, तुझ्या उजवीचा कुठे आहे? तिला द्यायला उत्तर सापडत नाही. कोबा आधी फोडून, क्षार आधी काढून मग जपून काही लावलं असतं तर? कदाचित. हाच 'कदाचित' २००८ मध्येही होता, तेव्हा मी त्याला 'निश्चित' लिहिलं होतं.

ती खपली परत चिकटवता आली नाही. मामांनी ती देव्हाऱ्यात ठेवलीय. मामी रोज हळदकुंकू वाहतात. मी सांगायला हवं की हळद त्या दगडाला चांगली नाही.

त्याहून मोठं काहीतरी सांगायचं राहिलंय. मामांची समजूत अशी आहे की चेहरा समईच्या तेलाने उतरला. समई डावीकडे असायची. त्यांनी ती तेव्हाच हलवली आणि अजूनही हळहळतात. बारा वर्षं मी त्यांच्या घरी जेवते आणि त्यांना सांगितलेलं नाही.

त्या डिसेंबरात निघताना मामा दारापर्यंत आले, उजवीकडे बघत उभे राहिले. "ताई, हिला औषध कवा लावायचं? डावीला लावलं व्हतं तसं?"

मी पिशवीतून नळी काढली, पुट्टी मळली आणि म्हटलं, आधी मोजून घेते.