ताणावर तोललेले छप्पर

म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमचे छायाचित्र पाहणाऱ्या बहुतेकांचे लक्ष त्याच्या तारांच्या जाळ्यावर ताणलेल्या पारदर्शक, उंचसखल छपराकडे जाते. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत वाढलेल्या माझ्यासारख्या स्थापत्य अभियंत्याची नजर मात्र आधी कडेला जाते, कारण ताणलेल्या तारांचे ओझे शेवटी कडेलाच येते. आमच्या द्राक्षांच्या मांडवात आतले लोखंडी अँगल तारा नुसत्या उचलून धरतात. खरी ओढ बाहेरच्या तिरक्या अँगलवर आणि त्याला मागे खेचून धरणाऱ्या, जमिनीत पुरलेल्या दगडावर असते. घडांनी लगडलेल्या बागेत तो दगड सैल झाला, तर ओळीच्या ओळी खाली बसतात.

१९७२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी पश्चिम जर्मनीला नाझी राजवटीतल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची भारदस्त, दरारा निर्माण करणारी आठवण मागे टाकायची होती. १९६७ च्या आराखड्यांच्या स्पर्धेत वास्तुविशारद ग्युंटर बेनिश यांच्या कार्यालयाचा आराखडा निवडला गेला. त्याच वर्षी माँट्रियलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात फ्राय ऑटो आणि रॉल्फ गुटब्रोट या वास्तुविशारदांनी तारांच्या जाळ्यावर जर्मन मंडप उभारला होता आणि बेनिश यांच्या प्रतिकृतीत तीच कल्पना पुढे नेलेली होती. मात्र तो मंडप तात्पुरता होता. इथे क्रीडासंकुलाचे सुमारे ७५,००० चौरस मीटर क्षेत्र कायमचे झाकायचे होते. छप्पर मंजूर झाले तेव्हा ते बांधायचे कसे, हे कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. आपल्याकडे असा आराखडा पहिल्याच छाननीत बाद झाला असता, आणि खरे सांगायचे तर छाननी करणाऱ्याला त्याबद्दल फारसा दोषही देता आला नसता.

पुढे फ्राय ऑटो सल्लागार म्हणून आले आणि रचनेच्या गणिताची जबाबदारी लेओनहार्ट व आंद्रे यांच्या संस्थेकडे, विशेषतः तेव्हा तरुण असलेल्या यॉर्ग श्लाइख यांच्याकडे गेली. पोलादी केबलचे ७५ सेंटिमीटरच्या चौरसांचे जाळे विणायचे आणि प्रत्येक छेदावर फिरू शकणारी पकड बसवायची, असे ठरले. जमिनीवर जोडलेले हे जाळे वर उचलून ताणले की चौरसांचे कोन बदलून त्यांचे तिरके समभुज चौकोन होतात, आणि सपाट जाळे हवा तो वक्र आकार घेते. अडचण होती केबलच्या लांबीची. बारीक तारांच्या १:१२५ प्रमाणातल्या प्रतिकृती करून त्यांची छायाचित्रांवरून मोजमापे घेतली गेली. परंतु प्रतिकृतीतली दशांश मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात सव्वा सेंटिमीटर होते, आणि पोलादी केबल इतकी ताठ असते की तेवढ्या फरकानेही तिच्यातला ताण पार बदलून जातो. म्हणून स्टुटगार्टमध्ये जॉन आर्गिरिस आणि क्लाउस लिंकविट्झ यांच्या गटांनी संगणकावर ही गणिते सोडवली. लिंकविट्झ हे मुळात भूमापनाचे प्राध्यापक, हे मला विशेष वाटते. या कामातून पुढे आलेली त्यांची पद्धत ताणरचनांचे आकार शोधण्यासाठी आजही वापरली जाते.

एवढ्या गणिताने निघालेली सगळी ओढ अखेर जमिनीतच उतरवायची होती. मैदानाच्या बाजूची, अनेक केबल एकत्र करून केलेली जाडजूड कड दोन्ही टोकांना काँक्रीटच्या प्रचंड पायांनी धरून ठेवलेली आहे. मुख्य खांब प्रेक्षकांच्या मागे असल्याने मैदान आणि डोळे यांच्यामध्ये काहीही येत नाही. आमच्या नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामन्यासाठी घातलेल्या मंडपात खांबाआडून फलंदाज शोधणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

छपरासाठी पारदर्शक ॲक्रिलिक निवडण्यामागे दूरचित्रवाणी होती. अपारदर्शक छपराची गडद सावली मैदानावर पडली असती, तर ऊन आणि सावली एकत्र टिपणे त्या काळच्या रंगीत कॅमेऱ्यांना जड गेले असते. सुमारे तीन मीटरचे हे तक्ते उन्हात फुगतात, थंडीत आक्रसतात आणि खालचे जाळेही वाऱ्याने हलते. म्हणून ते जाळ्याला रबरी जोडांवर बसवलेले आहेत आणि मधल्या फटी निओप्रीन या कृत्रिम रबराच्या पट्ट्यांनी बंद केल्या आहेत. छपरावर दिसणाऱ्या काळ्या रेघा त्याच.

खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, त्यावर टीकाही झाली, आणि इतका खटाटोप करूनही स्टेडियमची मुख्यतः पश्चिमेकडचीच बाजू झाकली गेली. इथे खेळणारा बायर्न म्युनिक हा फुटबॉल क्लब २००५ मध्ये आलियान्झ अरीना या नव्या स्टेडियमात गेला, त्यामागे मैदानाभोवतीच्या धावण्याच्या शर्यतींच्या पट्टीमुळे प्रेक्षक आणि फुटबॉलचे मैदान यांच्यात पडणारे अंतर हे एक मोठे कारण होते, आणि ते कोणत्याही छपराने मिटणारे नव्हते.