सर्ज्याचा खुराक

कोल्हापूरच्या आसपास जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा डॉक्टर. फोन वाजला की व्यायल्यावर वार पडलेली नसते, कास दगडासारखी झालेली असते, नाहीतर गाय गाभ न राहता उलटलेली असते. घोडा क्वचित. त्यामुळे पन्हाळा रस्त्यावरच्या एका गावातून सकाळी सकाळी फोन आला आणि पलीकडून आबा म्हणाले, "डॉक्टर, घोडं आळशी झालंय, कायतरी ताकदीचं टोचा," तेव्हा दोन म्हशी बघून झाल्यावर मी गाडी तिकडे वळवली ती थोडी कुतूहलानेच.

आबा जुने पैलवान. तरुणपणी गंगावेस तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केल्या. आता कान मोडलेले, गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत. नातीला घोड्यावर बसायची हौस, म्हणून त्यांनी हा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, खच्ची घोडा घेतला होता. नाव सर्ज्या. दसरा तोंडावर आला होता आणि पालखीपुढं नात घोड्यावर बसून जाणार हे भावकीत सगळ्यांना सांगून झालं होतं.

"आधी कसा होता?"

"वाऱ्यावानी. आता टाच मारली की दोन पावलं टाकतंय आन् थांबतंय. बगा की, खायाला कमी न्हाई हो. पैलवानासारखा खुराक हाय."

खुराक हा शब्द मी तेव्हाच मनात टिपून ठेवला.

गोठ्यात शिरलो तर म्हशींच्या रांगेतच शेवटी सर्ज्या बांधलेला. अंगावर मांस होतं, पोट मोठं, केसांना मात्र चमक नाही. थर्मामीटर लावला, अडतीस अंश सेल्सिअस. नाडी चाळीसच्या आत. हिरड्या गुलाबी. शेण घट्ट, गोळ्यांचं. मंदावलेला घोडा म्हटलं की मला आधी सरा आठवतो. तो माशा चावून पसरतो, अंगात ताप येतो-जातो आणि जनावर आतून पोकळ होत जातं. त्याचा जंतू १८८० साली डेरा इस्माईल खानमध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने शोधला. आमच्याकडेही अधूनमधून भेटतो. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघून सरा नाही असं म्हणता येत नाही, तरी कानाच्या शिरेतून थेंब घेतला, काचेवर पसरला आणि डब्यात ठेवला.

आणखी एक प्रश्न मी घोडा बघताना न चुकता विचारतो: गायीम्हशींचं पोत्यातलं पशुखाद्य घालता का? काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. गायीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने मरतात, अगदी थोड्या मात्रेतही. आबा म्हणाले, "छ्या! म्हशीचं घोड्याला कशाला घालू?" बरं वाटलं.

मग म्हटलं, चालवून दाखवा.

वरातीत घोडे नाचवणारा एक पोरगा आबांनी मुद्दाम बोलावून ठेवला होता. त्याच्या हातात चाबूक. तो स्वार झाला आणि पहिल्या पावलापासून दोन्ही टाचा ठोकत राहिला. घोडा चालतोय तरी टाच, थांबला तरी टाच. वर लगाम असा गच्च की सर्ज्याचं तोंड उघडलेलं. चाबूक पडला तेव्हा त्याने कान मागे टाकले, शेपटी झाडली आणि दुडकी चाल धरली. चारपाच ढांगांत पुन्हा बंद. पोरगा म्हणाला, "अंगात मस्ती हाय ह्याच्या. आणि चार बसल्या की हुईल सरळ."

मी त्याला खाली उतरवला. खोगीर काढलं, पाठीवर हात फिरवला, खोगिराखाली जखम नाही. नुसत्या दोरीवर आधी शेतातल्या मऊ मातीत चालवायला सांगितलं, मग डांबरी रस्त्यावर. स्वार नव्हता, टाच नव्हती, चाबूक नव्हता, तरी डांबरावर सर्ज्या आखूड पावलं टाकत होता, आणि वळवला की पुढचा डावा जपत होता. थोडं थांबून पुन्हा चालवला तर आता मागचा उजवा. चिमट्याने चारी खूर दाबून बघितले. एकाही खुरात तो झटका देईना. नाल ठीक, खुरात गळू नाही. आज एक पाय, उद्या दुसरा, आणि कुठेच बोट ठेवता येत नाही, असं असलं की दुखणं बहुधा खुरात नसून हाडांत आणि सांध्यांत असतं. मला आता खुराक बघायचा होता.

आबांनी मोठ्या अभिमानाने दाखवला. दोन घमेली गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, गुळाच्या पाण्यात कालवलेला. वर सहा अंडी. रविवारी तूप. आणि पुढ्यात नेपिअर गवताचा हिरवागार ढीग. ऊसतोड सुरू झाली की त्या जागी उसाचं वाढं. वाळलेली वैरण? "ती म्हशीस्नी. घोड्याला हिरवं." मिठाचा खडा? नाही.

भुसा ताणकाट्याला लावला. दिवसाला चार किलो भरला. मग घोड्याचं वजन काढलं. काट्यावर चढवायची सोय नसली तरी टेप पुरते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचा आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६८, लांबी १६०. म्हणजे ३८० किलो. दूध संस्थेच्या पावतीच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला आणि आबा शेजारी उकिडवे बसले.

या वजनाच्या घोड्याला रोज साधारण पंधरा ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि दहा-अकरा ग्रॅम फॉस्फरस. चार किलो भुशात फॉस्फरस चाळीस ग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम जेमतेम पाच. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असावं लागतं, इथे सगळं उलटं. त्यात नेपिअरमध्ये ऑक्झलेट भरपूर. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं.

"मग म्हशी कशा धडधाकट?" आबांनी बरोबर तोच प्रश्न विचारला. म्हशीच्या पहिल्याच पोटात ऑक्झलेट फोडणारे जंतू असतात, त्यामुळे पुढे आतड्यात पोचेपर्यंत कॅल्शियम सुटलेलं असतं. घोड्याचे जंतू मागच्या मोठ्या आतड्यात, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात. जंतूंपर्यंत चारा पोचतो तेव्हा वेळ गेलेली असते. एकाच गोठ्यातला एकच चारा, एकाला पोसतो आणि दुसऱ्याची हाडं खातो.

हाडं खातो हे मी शब्दशः सांगितलं. रक्तातलं कॅल्शियम शरीर खाली उतरू देत नाही, हृदय त्यावर चालतं. कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून रक्तात भरतात. त्यामुळे रक्त तपासलं तर आकडा बहुतेक वेळा ठीकच येतो आणि फसायला होतं. हाड मऊ पडतं, स्नायू जिथे चिकटतात तिथे ओढ बसून दुखतं, पुढे चेहऱ्याची हाडं फुगतात. पूर्वी विलायतेत गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे हटकून व्हायचं, कोंडा त्यांच्याकडे उरायचा ना.

मी सर्ज्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. डोळ्यांच्या खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे हाड धारदार लागायला हवं तिथे ते भरलेलं आणि गोल होतं. आबांचा हात धरून तिथे ठेवला. मग शेजारच्या घोडीच्या चेहऱ्यावर ठेवला. पैलवानाची बोटं, हाड ओळखायला शिकवावं लागलं नाही. बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्या पोराकडे वळून म्हणाले, "चाबूक टाक खाली."

दाढाही बघितल्या. वरच्या दाढांना बाहेरून धारदार कडा आल्या होत्या आणि गालाला आतून एक व्रण. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि झिजत राहतात. दिवसभर रवंथासारखं आडवं दळायला वाळलं गवत नसलं की झीज सारखी होत नाही. लगाम ओढला की तो गाल त्या धारेवर. कानशीने कडा घासायला तास गेला. आबांची नात शाळेतून आली होती, तिने बॅटरी धरली आणि एकदाही तोंड फिरवलं नाही.

नंतर खरी कुस्ती झाली, आबांची आणि माझी. त्यांचं म्हणणं, बरं, भुसा बंद करतो, पण ताकदीसाठी काय? तालमीत शिकलेलं गणित साधं असतं: गडी मंदावला, खुराक वाढवा. घोड्यात ते चालत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान आणि चंदी, म्हणजे दाणा, एकदम जास्त पडली की पिष्ट न पचता मागच्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, आणि पोटशूळ किंवा पाय धरणं, म्हणजे खुराच्या आतली सूज, ओढवतं. आठवड्यातून काही वेळ नातीला बसवून फिरणाऱ्या घोड्याला तर वेगळी ताकद लागतच नाही. त्याला चारा लागतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के, सुका धरून. सर्ज्यासाठी सहा ते साडेसात किलो. नेपिअर दिसायला डोंगर, पण त्यात ऐंशी टक्के पाणी. वीस किलो टाकलं तरी सुकं चार किलो.

लिहून दिलं ते असं. सहा किलो वाळलेलं डोंगरी गवत, दिवसभर पुढ्यात राहील असं वाटून. सात-आठ किलो हिरवी लसूणघास, तिच्यात कॅल्शियम भरपूर. किलोभर भिजवलेले हरभरे आणि जव मिळून, तीन वेळा विभागून, त्यात मीठ तीस ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी. सगळा बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू. भुसा, नेपिअर, वाढं बंद.

"पानाचा चुना घातला तर?"

"तोंड भाजेल."

"आन् अंडी?"

"आबा, ती तुम्ही खा."

गूळ मी बंद केला नाही. कोल्हापुरात बंद होणारही नव्हता. लहान खडा, काम झाल्यावर, एवढंच.

दसऱ्याचं सांगायची वेळ आली तेव्हा मात्र आवाज खाली आला. पाठीवर कोणी बसायचं नाही. काही महिने. अशा हाडावर उडी पडली तर मोडूही शकतं. आबांनी भावकीला काय सांगितलं मला माहीत नाही. दसऱ्याला नात सर्ज्याला दोरीने धरून पालखीपुढं चालत गेली, आणि तिच्या मोबाइलवरून मला फोटो आला. काचेवर सरा सापडला नव्हता, नंतर पुन्हा तपासला तेव्हाही नाही.

हाड भरायला वेळ लागतोच. लंगडणं आधी गेलं, केसांवर चमक नंतर आली. चेहऱ्याचा फुगवटा थोडा राहिलाय आणि राहीलच. उन्हाळ्यात पुन्हा बसायला परवानगी दिली तेव्हा दुसरंच दुखणं समोर आलं. दुखणं गेलं होतं, सवय राहिली होती. सर्ज्याला टाच म्हणजे काहीच वाटेना. प्रत्येक पावलाला टाच लागली तर घोड्याने तिचा अर्थ काय लावायचा? पळालो तरी लागते, थांबलो तरी लागते.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त घोडदळातले गृहस्थ आहेत, त्यांना एकदा बरोबर नेलं. त्यांनी नातीला आधी लगाम सैल सोडायला लावला. मग पोटरी हलकेच टेकवायची. ऐकलं नाही तर पायामागे काठीची एक स्पष्ट टिचकी, आणि तो पुढे निघाला त्याच क्षणी पाय गप्प. अगदी त्याच क्षणी, कारण घोडा शिकतो ते दाब सुटण्यातून. एक पाऊल उशिरा सोडला तर तो भलतंच शिकतो. पोरीचा पाय सवयीने सारखा हलायचा, ते म्हणायचे, "ताई, तो चाललाय, त्याला चालू दे." पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थांबवलं. मैदानात गोल गोल फिरवण्याऐवजी उसाच्या बांधावरून, शेजारची घोडी पुढे ठेवून. घोडी दुडकीवर गेली आणि सर्ज्या कोणी न सांगता मागे निघाला, तेव्हा आबा बांधावरून ओरडले, "धर की आयाळ!" तिने धरली.

आबांनी उसातले चार गुंठे मोडून लसूणघास लावलीय. भावकीत त्यावर अजून टोमणे चालतात, उसाच्या पट्ट्यात ऊस मोडणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे का. दोन म्हशींनाही आता तीच घास मिळते आणि दूध वाढलं असं आबांचं ठाम मत आहे. मी मोजलेलं नाही. दाढा पुढच्या महिन्यात पुन्हा घासायच्या आहेत, आणि या वेळी बॅटरी धरायला वर्गातल्या दोन मैत्रिणी येणार आहेत असा निरोप आलाय.